मोगऱ्याला हापूसचं औषध

आंब्यातलं मला कळतं असं गावात बोलतात, आणि मीही ते कधी नाकारलेलं नाही. रत्नागिरीबाहेर कातळावर सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरची माती आणून भरली आणि हापूसची बाग उभी केली. त्यात चाळीस वर्षं गेली. परसातले तीन मोगरे मात्र बायकोचे. चैत्र आला की फुलं देवघरात आणि तिच्या अंबाड्यात आपोआप येतात, एवढीच माझी त्याबद्दलची माहिती.

तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि ती पुण्याला मुलाकडे गेली. नात पाच महिन्यांची होती आणि सुनेची रजा संपत आली होती. शिमग्याला परत येते म्हणाली. निघताना स्वयंपाकघरातले डबे दाखवले, गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर लिहिला आणि शेवटी परसाकडे बोट करून म्हणाली, "पाणी तेवढं घाला. शहाणपणा करू नका."

आमचे मोगरे न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले. आंघोळीचं पाणी पाटातून आधी पहिल्याला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला जायचं. ती गेल्यावर आठ दिवसांनी पाहतो तर तिसऱ्याच्या बुडाशी माती कोरडी ठणठणीत. एका माणसाच्या आंघोळीचं पाणी तिथवर पोचतच नव्हतं. घरात मी एकटा आहे हे मला तोपर्यंत तसं कळलं नव्हतं. उगाच दोन बादल्या जास्त ओतायला लागलो.

शिमगा आला तेव्हा नातीला सर्दी झाली होती, तिचं येणं राहिलं. पालखी दारात आली, ओटी मीच भरली. नारळ उलटा धरला म्हणून पालखीबरोबरच्या बायका हसल्या. रात्रीचं जेवण दुपारच्या भातावरच भागवलं. पुण्याहून फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अगो, मग येणार कधी?" ती म्हणाली, "मोगरा फुलला की कळवा. त्या निमित्ताने येते. त्याची फुलं दुसऱ्या कोणी तोडलेली मला नाही आवडायची."

झालं, मला कामाला लावलं. तोवर मी नुसता पाणक्या होतो, आता जातीने लक्ष घालायचं ठरवलं. आणि पाहतो तर तिन्ही मोगऱ्यांना कोवळी, पोपटी पालवी फुटलेली. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. मी कपाळाला हात लावला. हापूसला मोहोराच्या दिवसांत पालवी फुटली म्हणजे त्या फांदीचा मोहोर गेला. पालवी पाहून आनंद होणारा बागायतदार मी अजून पाहिलेला नाही. म्हटलं, बाईने लाडावून ठेवलीत झाडं. पाणी बंद केलं. आंब्याच्या बुंध्याशी वाढ रोखायला ओततो त्या औषधाची उरलेली बाटली मांगरात, अवजारांच्या खोपट्यात होती. अंदाजाने माप घेतलं आणि तिन्ही बुडांत ओतलं. हात धुताना स्वतःवरच खूश होतो. हापूस ज्याने फुलवला त्याला मोगरा काय जड जाणार!

चैत्र लागला. पानं आखडून बोराएवढी झाली, शेंड्याला गुच्छ करून बसली. कळीचं नाव नाही. बागेत आंबा उतरवायची घाई चालली होती, राखणीचं नेपाळी जोडपं आणि मी दिवसभर आढीत गुंतलेले. पण दर संध्याकाळी पुण्याहून फोन यायचा आणि ती विचारायची, "आली का हो कळी?"

एका संध्याकाळी मी "आली" म्हटलं. खोटं का बोललो? ती यावी म्हणून. याहून मोठं कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. ती म्हणाली, उद्या दाखवा. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या फुलवालीकडून मोगऱ्याची पुडी आणली, फुलं पितळेच्या ताटलीत पसरली आणि ताटली फोनसमोर धरली.

तिने ताटली आणखी जवळ धरायला लावली. मग म्हणाली, "हा आपला नव्हे. आपला दुहेरी पाकळीचा आहे, बुटका. बाजारातून आणलात ना?"

मी ताटली खाली ठेवली.

"झाडं दाखवा."

फोन घेऊन परसात गेलो. तिने तिन्ही झाडं नीट पाहिली आणि सगळं वदवून घेतलं. ओरडेल वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "त्या बिचाऱ्या झाडाने काय घोडं मारलंन हो तुमचं? मोगरा नव्या फुटीवरच फुलतो. पालवी आली की आपण देवाला साखर ठेवतो, आणि तुम्ही ती मारायला निघालात!"

त्या चैत्रात ती आली नाही. पुढे गणपतीला आली, चार दिवस राहिली. पाहुण्यासारखी बॅग खुर्चीवरच ठेवली होती. ती गेल्यावर ती खुर्ची मी बरेच दिवस हलवली नाही.

मात्र मोगरा तिने माझ्याकडून करून घेतला. फोनवरून, शाळेतल्या मुलाला शिकवावं तसा. बुडातली माती काढून टाकायला लावली, बागेतली नवी घालायला लावली. मार्गशीर्षात छाटणी, वीतभर फांद्या ठेवून. उरलेली पानं हाताने ओरबाडायची, मग पंधरा दिवस पाणी नाही, मग शेणखत आणि रोज पाणी. इतकी पानं झाडावरून मी जन्मात काढली नव्हती. रोज संध्याकाळी अर्धा तास मोगऱ्यावर बोलणं व्हायचं. नात मध्येच फोन ओढायची. ते अर्धे तास मला फार आवडायचे, हे मी तिला सांगितलं नाही.

माघात पालवी आली तेव्हा मी खरंच देवापुढे साखर ठेवली. आणि चैत्रात तिन्ही झाडं अशी फुलली की परसात पाऊल ठेवलं की वासाने डोकं जड व्हायचं. पहिल्या दिवशी पातेलंभर फुलं निघाली. दुहेरी पाकळीची, बुटकी. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून फोन लावला. तिची खोली आदल्या दिवशीच झाडून घेतली होती. गादीला ऊन दाखवलं होतं.

तिने पातेलं पाहिलं. हसली. डोळे भरून आले तिचे, मला दिसलं.

"जमलं हो तुम्हाला," ती म्हणाली.

"मग कधी येतेस?"

"पोरीची प्लेग्रुपची शाळा लागत्येय जूनपासून. सोडायला-आणायला कोणीतरी हवंच. मला धाकधूक होती ती तुमची, इतके दिवस कसे राहाल म्हणून. आता नाही. मोगरा ज्याला सांभाळता आला त्याला सगळं येईल. आता मी इथे निर्धास्त राहीन."

मी "हो" म्हटलं. फुलं देवाला घालतो म्हटलं. फोन ठेवला आणि पातेलं मांडीवर घेऊन न्हाणीच्या पायरीवर बसलो. झाडं मेली असती तर निदान मला ओरडायला तरी ती आली असती.