झाडाची अकिती

फाल्गुनात एका सकाळी फोन वाजला. पडद्यावर सानगडीच्या घराचं नाव बघून मी नेहमीसारखा ओरडलो, "बोला वहिनी, पळस फुलला का?" पलीकडे पुतण्या होता, सुरेश. तो म्हणाला, "काकाजी... माय गेली. झोपेतच गेली." आणि त्या गड्यानं माझ्या प्रश्नाचंही उत्तर दिलं. "पळस फुलला जी. कालच पाहून आली होती ते."

मी भंडाऱ्यात राहतो. कापडाचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून उन्हाळाभर कूलरपुढं बसून मोबाईलवर साऱ्या जगाची काळजी वाहतो. वहिनींचा रोज सकाळी फोन यायचा आणि त्यात सानगडीचा उन्हाळा असायचा. मोह टपकायला लागला. टेंभरं पिकली. तळ्याचं पाणी उतरलं, बगळ्यांची जत्रा भरली. त्यांचं झालं की माझं सुरू व्हायचं... आज पारा किती चढणार, कुठं युद्ध पेटलं, कुठली नदी आटली. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "अन् तुमच्या अंगनातली चिमनी कोन पाहून राह्यला जी, भाऊजी?" मला त्याचा राग यायचा.

वहिनी लाखांदूरकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. सुट्टीत सानगडीला घरी आंब्याची राखण करत होतो, म्हणजे झाडाखाली खाट टाकून लोळत होतो. आमच्या परसात एक गावरान आंबा आहे. फळाला बडीशेपेचा, आमच्याकडच्या शोपेचा वास, म्हणून त्याचं नाव शोप्या. घरचा नियम असा की अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या अकितीला, पितरांपुढं ठेवल्याशिवाय पिकला आंबा कुणी तोंडाला लावायचा नाही. आणि अकितीला अवकाश असताना एका दुपारी ही नवी नवरी पदर खोचून, कोपरापर्यंत रस ओघळत, शोप्या चोखताना माझ्या मायला, म्हणजे सासूला सापडली! मी खाटेवर उठून बसलो. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "मी कुठं तोडला जी मामीजी? पितराइनंच पाडला. त्याइले दिसलं असन, नवी सून भुकेली आहे." माय रागवायला आली होती, ती हसत हसत खाटेवरच बसली. वर, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात तशी, आंब्याची सगळी आढी तिनं सुनेच्याच ताब्यात दिली. त्या दिवसापासून नियम पाळण्यात वहिनींचा हात कुणी धरू शकलं नाही.

पुढं माझा थोरला भाऊ, दादा गेला. तोवर पितर म्हणजे कुणीतरी लांबचे जुने लोक होते, आता त्यांच्या पंगतीत शोप्यावर जीव असलेला आमचा दादा जाऊन बसला. आणि नेमकं तेव्हापासूनच झाडाचं वेळापत्रक बिघडलं. कधी भलत्याच वेळी मोहोर, कधी मोहोरावर गारा. अकिती उजाडायची आणि झाडावर कैऱ्या दगडासारख्या! एका वर्षी सुरेशनं साकोलीच्या बाजारातून पिवळेधमक आंबे आणले. वहिनींनी एक हातात घेतला, हुंगला आणि म्हणाल्या, "हा आंबा तुह्या बापाच्या वळखीचा नाही रे." तो ठेवला त्यांनी, पाण्याचा माठही भरला, पण संध्याकाळी जाहीर केलं की शोप्याचा पहिला आंबा आपणहून पडेल त्या दिवशी खरी अकिती. "क्यालेंडर छापनाऱ्यानं आपलं झाड कुठं पाह्यलं आहे?"

तेव्हापासून आमच्याकडं दोन अकित्या. एक कॅलेंडरची, एक झाडाची. मधल्या दिवसांत लेकरं सोडून कुणी आंबा खायचा नाही. माझी साखर वाढलेली, त्यामुळं मी वर्षभर आंब्यापासून दूरच असायचो. पण झाडाच्या अकितीचा निरोप आला की पहिली एस.टी. पकडायचो. जेवताना मात्र माझं पुराण सुरूच... निसर्ग बिघडला, माणसं बिघडली, आता काही खरं नाही. वहिनी पानात आणखी एक आंबा ठेवत म्हणायच्या, "बिघडलं ते दिसतेच जी. पन झाड अजून देऊन राह्यलं ना? मंग आपन तोंड वाकडं करून काऊन घ्यावं?" असं बोलायला काळीज मोठं लागतं. ते त्यांच्याजवळ होतं.

यंदा पितरांच्या पंगतीत त्या स्वतः जाऊन बसल्या. आणि यंदाच चैत्रात वादळ आलं. सुरेशची बायको रेखा फोनवर रडत होती. "काकाजी, साऱ्या कैऱ्या झडल्या जी. आता मामीजीले काय ठेवू?" काही खरं नाही म्हणणारा मी, माझ्या तोंडून निघालं, "वर शेंड्यावर पाह्य बरं नीट." तिनं पाहिलं. दाट पानांत चार-दोन राहिल्या होत्या. कॅलेंडरची अकिती माठ भरून, पन्हं ठेवून पार पडली आणि मी पिशवी भरून सानगडीला जाऊन बसलो. वहिनींना त्यांच्या झाडाचा आंबा मिळतो की नाही, एवढंच डोक्यात होतं. राघू फांदीवर उतरले की मी टाळ्या पिटायचो. शेजारी हसायचे. हसोत! पण वर बघायची सवय लागली आणि उन्हाळा दिसायला लागला. बहावा पिवळाजर्द फुलला होता. तळ्याच्या काठी, पाणी हटलेल्या ओल्या मातीवर टिटवी ओरडत फिरायची. सकाळी कोवळ्या पानांतून येणारं ऊन किती हिरवं असतं, हे मी या वयात पाहिलं. युद्धाचं काय झालं ते विचारायचं राहूनच जायचं.

एका दुपारी गरम वारा सुटला आणि परसात धप्प आवाज झाला. आम्ही तिघंही धावलो. शोप्याच होता, देठाशी पिवळा, वास घरभर. रेखानं तो धुतला, पळसाच्या द्रोणात ठेवला. मला एकच धाकधूक होती. गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असेल तर कावळा घासाला शिवत नाही, तासन् तास ताटकळवतो म्हणतात. मग हात जोडून कबूल करावं लागतं, लेकरांना सांभाळू, झाड तोडणार नाही. असली कबुली मी मनात तयार करून ठेवली होती. सुरेश भिंतीवर द्रोण टेकवायला वाकला. त्याचा हात निघायच्या आत कावळा झपकन उतरला, आंब्यात चोच खुपसली आणि गराचा मोठा लचका घेऊन उडाला. रेखा आधी दचकली, मग पदर तोंडाला लावून हसली, मग हसता हसता रडली. सुरेशचा हात अजून द्रोणावरच होता.

माझी कबुली तशीच राहिली. वहिनींचं कशातच काही अडकलेलं नव्हतं. यंदाचा आंबा तेवढा खायचा राहिला होता, तोही त्यांनी आमच्या आधी खाल्ला.