मुलगी गांजावर आहे

आता काय लपवू तुमच्यापासून? चहा ओता, माझी अक्कल चारचौघांत कशी चव्हाट्यावर आली ते सांगतो!

मी बंदरातून रिटायर झालेला कारकून. आमची केतकी पुण्याला मेंदूवर पीएचडी करते. मला कंटेनर कळतात, मेंदू नाही. म्हणून तिने फोनवर सोपं करून सांगितलं.

"बाबा, मेंदूतली एक पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते आणि दुसरीला चेतवते. ते जास्त झालं की दुसरी पेशी गांजासारखा पदार्थ बनवून उलटा पाठवते. तो पहिलीच्या रिसेप्टरवर बसतो आणि सांगतो, बाई, पुरे आता! या दोघींच्या भानगडीवर माझा अभ्यास."

वा! छाती अशी फुगली म्हणून सांगू! कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

जिन्यात शेजारचे फारूकभाई भेटले. पनवेलच्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे त्यांचं. "केतकी बेटी काय करते हल्ली?"

आणि डोक्यातून ग्लुटामेट गायब! रिसेप्टर गायब! उरलं काय?

"गांजावर आहे," मी ऐटीत म्हणालो.

"या अल्ला! कधीपासून?"

"चार वर्षं झाली. अजून दोन वर्षं तरी सुटका नाही."

"आणि तुम्ही काही बोलत नाही तिला?"

"बोलायचं काय? अभिमान आहे आम्हाला! सरकार दरमहा पैसे देतं."

फारूकभाईंनी कठडा धरला. "एकटीच आहे?"

"छे हो! अख्खा ग्रुप आहे. सर स्वतः शिकवतात. आधी उंदरांना देऊन बघतात."

मला वाटलं, माणूस भारावलाय!

रविवारी केतकी घरी आली. ती चहा घेतेय तोच बेल वाजली. दारात फारूकभाई, बिर्याणीचा डबा घेतलेल्या नसीमभाभी आणि एक अनोळखी बाई.

"या व्यसनमुक्तीवाल्या मॅडम," फारूकभाई हळूच म्हणाले.

भाभींनी केतकीला मिठीच मारली. "बेटी, घाबरू नको. आम्ही आहोत ना!" डोळ्यांत पाणी.

केतकी माझ्याकडे बघतेय. मी छताकडे.

शेवटी तिने कागदावर दोन पेशी काढून सगळ्यांना समजावलं. फारूकभाई हसून हसून ठसकले. पण गप्प बसेन तर मी कसला?

"बघितलंत? किती हुशार आहे! अहो, दहावीतसुद्धा हिने..."

मॅडमनी पिशवीतून फॉर्म काढला. "मुलगी ठणठणीत आहे. पण काका, भेटेल त्याला तिचं कौतुक सांगायची ही सवय तुम्हाला कधीपासून आहे?"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आमच्या सौ. ओरडल्या, "ती जन्मल्यापासून! लिहा, लिहा!"