ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड

पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये सुकलालची नजर नावाजलेली होती. नमुन्याशेजारी ओलं कापड धरलं की तो सांगे, "लाल चिमूटभर जास्त पडलाय." ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड तो कधी पास करत नसे. कापड उन्हात नेई, आणि उन्हात हमखास फरक निघे.

स्वतःची लघवी लाल झाली तेव्हा मात्र तो हसला. रंगखात्यात सगळ्यांचीच रंगते. मुतारीत शेजारच्या मशीनवरचा चिंधा रोज विचारायचा, "सुकाभाऊ, आज कोणता लॉट?" पण शहाण्णवच्या दिवाळीआधी आठवडाभर नुसता निळा लॉट चालला, आणि सुकलालची लघवी लालच राहिली. त्यानं शेड ओळखली, रक्ताची; घरी मात्र लपवली. चार महिन्यांनी गुठळ्यांनी लघवीच अडली, तेव्हा कलाबाईनं नवऱ्याला इस्पितळात नेलं.

मूत्राशयातला तुकडा काढून तपासला. रिपोर्ट आला: पेशी साध्या, कॅन्सर नाही. कलाबाईनं चाळीत पेढे वाटले. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी परत बोलावलं.

"पुन्हा तुकडा घ्यायचाय. या वेळी खोलवरचा."

कलाबाई उखडली. "रिपोर्ट चांगला शे ना? मंग परत कसाले कापतस?"

"बाई, एक जात क्वचित दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे लहान पुंजके, दिसायला अगदी गरीब. वरवरच्या तुकड्यात आम्हीही फसतो. तेच पुंजके खाली स्नायूत सापडले, तर कॅन्सर, आणि वाईट."

"सापडले तर?" सुकलालनं विचारलं.

"मूत्राशय काढायचं. लघवीसाठी पोटावर पिशवी, जन्मभर."

कलाबाईनं रिपोर्ट घडी करून कमरेला खोचला. "चला घर. कागदवर लिखेल शे, काही नही म्हणून."

सुकलाल हलला नाही. पिशवी लावलेल्या माणसाला मशीनवर कोण उभं करणार, हे त्यालाही कळत होतं.

"तो कागद ट्यूबलाइटखालचा आहे, कला," तो हळू म्हणाला. "चार महिने मीच बघून पास करत आलो." मग त्यानं सहीसाठी पेन मागितलं.

आठवड्यानं दुसरा रिपोर्ट आला. पुंजके स्नायूत होते. ऑपरेशनची तारीख ठरली.

आदल्या दिवशी पाळी सुटल्यावर चिंधा भेटायला आला. या वेळी सुकलालनंच विचारलं, "आज कोणता लॉट?"

"पिवळा."

"आणि तुझी लघवी?"

चिंधा आपल्या पिवळ्या बोटांकडे बघत म्हणाला, "लाल."