माळवदाची माती

जुना अँटेना आता चालणार नाही म्हणून काल डिश बसवायला माणूस गच्चीवर चढला, आणि मला झरी गावातल्या घराचं मातीचं माळवद आठवलं. मी चौथीत होते, टीव्ही नवा होता. अण्णा वर अँटेना फिरवत होते, खाली आई भाकरी थापत होती. त्यांच्या प्रत्येक पावलाला माती पिठाच्या परातीत पडायची.

“आलं का चित्र?”

पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या. आईनं परातीवर पदर धरला. “लय छान आलंय, उतरा आता!”

तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता.

आता वर स्लॅब आहे, अण्णा नाहीत. कालही आई खाली भाकरी थापत होती. गच्चीवरून माणूस ओरडला, “आजी, चित्र आलं का?”

टीव्ही बंदच होता. आईनं परातीवर पदर धरला.

“आलंय, उतरा आता.”