भिंगरीचं स्थळ

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, पडदे शिवतात. दुकानातून कापडाचे तागे त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येतात आणि चुण्या घातलेले पडदे होऊन परत जातात. यजमान गेल्यापासून त्यांचं हेच चाललं आहे. उरलेल्या चिंध्या एकदा त्या कुत्र्यांच्या आश्रमात अंथरायला देऊ म्हणून गेल्या. गेल्या चिंध्या द्यायला आणि आल्या कुत्रं घेऊन. तेव्हापासून त्यांचं घर म्हणजे टाकलेल्या कुत्र्यांचं माहेर झालं. चांगलं घर मिळेपर्यंत सांभाळायचं, मग डोळे पुसून पाठवायचं. स्वतःला मात्र एकही ठेवायचं नाही.

"एक ठेवलं की पुढच्यांना दार बंद झालं, वहिनी," असं त्या म्हणतात.

कुत्री आली, गेली. भिंगरीपाशी मात्र गाडं अडलं.

भिंगरी दहा वर्षांची. तोंड पांढरं, भुवया पांढऱ्या. झोपलेली असली की वाटावं, जप करता करता आजीचा डोळा लागला आहे. जागी झाली की आजी कुठल्या कुठे! मोजायची टेप तोंडात धरून पलंगावर, पलंगावरून ताग्यावर, ताग्यावरून दाराशी. रस्त्यात वन्संना अशी ओढत न्यायची की कोण कुणाला फिरवतंय ते बघणाऱ्याला कळू नये.

बघायला येणारे दोन तऱ्हेचे असत. ज्यांना धावणारं कुत्रं हवं, ते वय ऐकूनच उठत. ज्यांना म्हातारं चालणार, त्यांना कोपऱ्यात पडून राहणारं हवं असे. भिंगरी ना इकडची, ना तिकडची.

त्यातच खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई जिना चढून आल्या. बाई वाईट नाहीत, पण त्यांचे यजमान आजारी, झोपेला महाग झालेले. "अहो, माझ्या डोक्यावर दिवसभर घोडे नाचतात! या रविवारच्या संध्याकाळपर्यंत तिची सोय करा. नाहीतर तुम्ही दोघीही दुसरं घर बघा."

"आश्रमात परत नाही का ठेवता येणार?" मी वन्संना विचारलं.

त्यांनी मशीन थांबवलं. "तिथे पिंजऱ्यात हिने स्वतःची शेपटी चावून सोलून काढली होती. अन्न सोडलं होतं. आता परत गेली तर उठायची नाही."

त्यानंतर आम्ही दोघींनी ओळखीपाळखीतलं एक घर सोडलं नाही. शनिवारी दुपारी एक जोडपं येणार असं ठरलं. चहापाणी बघायला म्हणून मी सकाळीच गेले, तर दाराला कुलूप. वन्सं आल्या त्या ऊन चढल्यावर. साडीला गुडघ्यापर्यंत चिखल, भिंगरीची जीभ हातभर बाहेर.

"कुठे होतात?"

"नदीकाठी. उजाडल्यापासून."

"एवढं?"

"पाहुणे येतील तेव्हा झोपलेली असू दे." आणि माझ्याकडे न बघता त्या पाय धुवायला गेल्या.

वन्सं तशा पडद्याचा एक टाका उसवला तरी स्वतःहून सांगणाऱ्या. पण मी तरी काय बोलणार? रविवार उंबऱ्याशी आला होता.

जोडपं आलं. गृहस्थ कचेरीतून निवृत्त झालेले. बाईंचं कमरेचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. जिना चढून येईतो त्यांना धाप लागली. भिंगरी त्यांच्या पायाशी लाकडासारखी पडलेली. एक कान तेवढा हलला.

"अगंबाई, किती शहाणी!" बाई म्हणाल्या. "अशीच असते का हो?"

वन्संच्या हातात हातशिलाईचं काम होतं. सुई खाली गेली, वर आली. "दमून भागून झोपली की अशीच," त्या म्हणाल्या.

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. मी चहा गाळताना मनात म्हटलं, देवा, एवढं पचू दे. आणि मग माझी मलाच लाज वाटली. मी देवाकडे काय मागत होते!

बोलणं ठरलं. गृहस्थांनी भिंगरीचं ताट उचललं. बाई म्हणाल्या, "पट्टा मी धरते. हिची माझी ओळख होऊ दे." आणि पट्ट्याचे त्यांनी मनगटाभोवती दोन वेढे घेतले. दुसऱ्या हातात काठी. समोर जिना. भिंगरीने डोळे उघडले आणि जांभई दिली. उठून तिने अंग झाडलं. तिची शेपटी हलायला लागली ते मी पाहिलं, वन्संनीही पाहिलं.

"थांबा," वन्सं म्हणाल्या. पुढे होऊन त्यांनी बाईंच्या मनगटावरचे वेढे आधी सोडवले, मग बोलल्या. "ही अशी नाही. मी पहाटेपासून पळवून हिला दमवलंय. ही तुम्हाला जिन्यावरून पाडेल."

गृहस्थ लाल झाले. "हे आत्ता सांगता? माझ्या बायकोची कंबर पुन्हा मोडायची होती?"

"चुकलं माझं."

"चुकलं काय! चल गं, निघू."

बाईंनी उतरताना दोनदा मागे वळून बघितलं. खालच्या दारात मालकीणबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं.

वन्सं ताग्यावर बसून राहिल्या. भिंगरी ताजीतवानी होऊन टेप घेऊन पळाली.

संध्याकाळी फोन वाजला. त्याच काठीवाल्या बाई. "माझी धाकटी बहीण रोपवाटिका चालवते. दिवसभर पायाला भिंगरी आणि एकटी. तिला म्हटलं, जी बाई हातातलं घर सोडून खरं बोलली, तिच्याकडचं कुत्रं एकदा बघून ये."

रविवारी सकाळी मी विचारलं, "आणू का जरा फिरवून?"

"नको. आहे तशी दिसू दे."

बहीण आली. पायात मळके बूट, बोलणं मोजकं. भिंगरीने तिच्या खांद्यावर पाय ठेवले, ताग्याची उलगड करून टाकली, चहाचा कप लवंडला. ती नुसती बघत होती.

"आणखी काय खोडी?"

वन्सं सांगत सुटल्या. ओढते. एकटी ठेवली तर दार ओरबाडते. "आणि खणते."

मी डोळे मिटले. रोपवाटिकेच्या बाईला सांगतात, खणते म्हणून!

"खणते? खूप?"

"खूप."

तिने लवंडलेला कप सरळ केला. मग ती उठली. "वाफ्यांना जाळी मारावी लागेल. मारून झाली तर संध्याकाळी येते." आणि एकटीच निघून गेली.

"गेली," मी म्हटलं. "झाली तर म्हणाली. झाली तर!"

"तुझ्या तोंडाला काही कुलूप?" वन्संनी मशीन सुरू केलं. शिवण वाकडी जात होती. उसवली, पुन्हा घातली, पुन्हा वाकडी. ऊन भिंतीवरून सरकत खिडकीपाशी गेलं. मी देवापुढे दिवा लावला, पण या वेळी काही मागितलं नाही, नुसती बसले. जिन्यावर पावलं वाजली. आम्ही दोघी उठलो. दारात मालकीणबाई.

"आली नाही ना ती?"

"नाही."

भिंगरीने टेप आणून मालकीणबाईंच्या पायावर ठेवली. त्यांनी पाय मागे घेतला नाही, पण "शब्द म्हणजे शब्द," असं म्हणून वळल्या. वन्संनी खुंटीवरचा पट्टा काढला. भिंगरीला आश्रमात न्यायला. कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

तेवढ्यात खाली गाडी थांबली. हॉर्न वाजला. मळक्या बुटांची पावलं एकेका वेळी दोन पायऱ्या चढत आली.

"जाळी कमी पडली," ती दारातूनच म्हणाली. हात खरचटलेले. "पुन्हा बाजारात जावं लागलं. झोपली नाही ना ही? चल गं."

भिंगरी उतरताना मालकीणबाईंना जिन्यावरच ओलांडून गेली. त्या भिंतीला चिकटल्या आणि "अगं बया!" म्हणून पहिल्यांदाच हसल्या. वन्सं खिडकीशी गेल्या नाहीत. मशीनवर बसल्या, कापड सरळ केलं, आणि हात टेपकडे गेला. टेप नव्हती.

आठवड्याने फोन आला. "तुमची टेप गुलाबाच्या वाफ्यात पुरलेली सापडली. पाठवू का?"

"राहू द्या," वन्सं म्हणाल्या. "माहेरची आहे."