भोक नसलेली पानं

आमच्या थोरल्या काकूचा कोणावरच विश्वास नाही. वाइन हुंगता हुंगता तिला माणसंही हुंगायची सवय लागलीय. द्राक्षं घरची, वाइन घरची आणि मळ्यात विषारी औषधाचा थेंब नाही, हा तिचा बाणा. पानाला किड्यांनी पाडलेली भोकं दिसली की ती खूश!

यंदा कुंपणालगतची रांग मात्र ठणठणीत निघाली. एकाही पानाला भोक नाही.

"कुठंतरी पाणी मुरतंय," काकू म्हणाली. तिनं काकांचा शर्ट हुंगला, हात हुंगले. औषधाचा वास नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे ती मला घेऊन वेलींआड दबा धरून बसली.

काका आले. त्यांनी पानांवरच्या अळ्या वेचून डब्यात भरल्या आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या वेलींवर अलगद सोडल्या.

"अहो, हे काय चाललंय?" काकू पुढे झाली.

"तो तसाही औषध फवारतोच," काका म्हणाले. "मरतील तिकडेच. आपल्याला कशाला पाप?"

आता काकू कडाडणार, म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो. तिनं डबा हातात घेतला, हुंगला आणि म्हणाली, "उद्या मोठा आणा."