माझ्या लेकीच्या नावाचे बारा सेकंद

"नाव काय तुझं, बेटा?" स्पीच थेरपिस्ट मॅडमनं विचारलं आणि स्टॉपवॉच दाबलं.

माझ्या लेकीनं डोळे मिटले. ओठ घट्ट झाले, मान एका बाजूला ओढली गेली. मला ते बघवेना. नेहमीसारखं मीच म्हणालो, "माधवी!"

मॅडमनं घड्याळ थांबवलं. "काका, तपासणी तुमची नाही."

रामदासपेठेतल्या त्या खोलीत चौदा वर्षांच्या पोरीचं अडखळणं मोजायला आणलं होतं, आणि पहिलंच माप मी बिघडवलं. गांधीबागेतल्या दुकानात कापड मोजण्यात माझी हयात गेली, हे विशेष.

त्याच्या आठ दिवस आधी तिनं चिठ्ठी दिली होती, 'आता शाळेत जाणार नाही.' त्यानंतर बोलणंच बंद. पाणी हवं, तरी चिठ्ठी.

ती अडखळायची पाच वर्षांची असल्यापासून. "मोठी झाली का सुटते," मी म्हणायचो. कोणी सांगितलं म्हणून जीभ सुटायला मधातून अक्कलकाढा चाटवला. तो खरं म्हणजे मीच चाटायला हवा होता.

मॅडमनं समजावलं. 'सिव्हिअरिटी' म्हणजे तीव्रता. शंभर अक्षरांत किती अडली, सगळ्यात लांब 'ब्लॉक', म्हणजे आवाज पार अडकून राहणं, किती सेकंदांचा, डोळे-मान किती ओढली जाते, हे सगळं मोजायचं. आधी गप्पांत, मग वाचनात.

आम्हा नवरा-बायकोला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळानं मॅडमनं तिला कसंबसं बोलतं केलं. गप्पांचा निकाल आला 'माइल्ड', सौम्य. मी संत्रा बर्फी आणायला उठलोच.

"बसा. वाचन राहिलं आहे."

मग दाराआडून नुसती शांतता. बायकोनं माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं. वाचनाचा निकाल 'सिव्हिअर'. तीव्र.

"गप्पांत ती 'म' आला की शब्द बदलते," मॅडम म्हणाल्या. "वाचताना बदलता येत नाही. याला 'अव्हॉइडन्स' म्हणतात, टाळणं. 'मले'ऐवजी 'आपल्याले' म्हणते ना?"

म्हणायची. 'आपल्याले भूक नाही.' मी हसायचो, "आल्या महाराणी!"

माधवीला विचारून मॅडमनं तिनं आत लिहून दिलेली चिठ्ठी पुढे केली. 'ट्यूशनमध्ये मी नाव अश्विनी सांगितलं. माझ्या शाळेतल्या एकीनं तिथे खरं नाव सांगून टाकलं. आता शाळेतही सगळे हसतात.'

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. महिनाभर एक पोरगी फोन करून "अश्विनी आहे का?" विचारायची. मी दर वेळी 'रॉंग नंबर' म्हणून फोन ठेवला होता.

"बरी होईल ना, मॅडम?"

"पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. पण तिचं बोलणं तुम्ही पुरं करू नका."

सहा आठवडे थेरपीला जात राहिलो. आकडा जेमतेम हलला. मी रोज हरून घरी यायचो.

परवा मॅडमनं पुन्हा नाव विचारलं. घड्याळ सुरू. मी जीभ दातांखाली धरली. बारा सेकंद. तुमच्या घरात असं लेकरू असेल तर सांगतो, बारा सेकंद फार लांब असतात, आणि ते त्याचेच असतात. पळवू नका.

"मा... माधवी."

जिना उतरताना म्हणाली, "म... मले सोमवारी शाळेत सोडून द्या." अडली, पण शब्द बदलला नाही.

मी डोळे पुसत होतो. बायको हळूच म्हणाली, "नाव तर तुम्हीच हौसेनं ठेवलं होतं ना जी. मग इतकी वर्षं ते तिले स्वतः घेऊ काहून नाही दिलं?"